‘प’ला मारलेली गाठ

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. वडिलांनाही नाही — ते गेले तेव्हा त्यांच्या मनात मुलाबद्दल नुसता अभिमान होता आणि मी तो तसाच राहू दिला. माझ्या प्रबंधात ती यायला हवी होती, अगदी अमुक पानावर, अमुक ओळीत असं बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी. तिथं मी दुसरंच काहीतरी लिहिलं. आज तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण एकदम तिथं जाता येत नाही. थोडं मागून यावं लागेल.

मी मिरजगावचा. हायवेच्या कडेला वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूबमधलं भोक कधी कधी इतकं बारीक असायचं की डोळ्याला दिसायचं नाही. वडील ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवायचे आणि बुडबुडा सुटला की त्यावर अंगठा दाबून म्हणायचे, “ह्यो बघ चोर घावला.” न दिसणारी छिद्रं शोधणं हे आमच्या घरचंच काम. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी हाताला धरून नगरला पाठवलं, कॉलेजने ठेवून घेतलं आणि एम.एस्सी. झाल्यावर प्रधान मॅडमनी मला आपल्या संशोधन प्रकल्पावर घेतलं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मॅडमनी मला एक खुर्ची दिली — मागे टेकायला पाठ असलेली. तुम्हाला हसू येईल, पण पहिले कित्येक दिवस मी त्या खुर्चीला टेकलोच नव्हतो.

काम काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोपेन आणि प्रोपिलीन असे दोन वायू. भावंडंच ती. दोघांत तीन-तीन कार्बन; प्रोपेनजवळ हायड्रोजनचे दोन अणू जास्त, एवढाच काय तो फरक. कारखान्यात त्यांना वेगळं करायला उंचच उंच मनोरे लागतात, कारण दोघं जवळजवळ एकाच थंडीला पातळ होतात. मॅडमचं म्हणणं होतं की इतक्या बारीक छिद्रांचा कोळसा बनवता आला, की एकजण आत शिरेल आणि दुसरा दारातच अडेल, तर मनोऱ्याचं काम हातभर नळी करील. कोळशासाठी आम्ही हिरड्याच्या बिया वापरत होतो. राजूरच्या बाजारात हिरड्याची टरफलं विकली जातात, आतल्या टणक बिया वाया जातात. त्या पोत्यानं यायच्या. बंद नळीत घालून भट्टीत भाजायच्या, वाफ द्यायची, कोळसा कुटायचा, चाळायचा. मग मी तो पोलादी नळीत भरून त्यातून दोन्ही वायू सोडायचो आणि पलीकडे काय बाहेर पडतं ते जीसी नावाचं यंत्र कागदावर टेकाडं काढून दाखवायचं. दोन्ही टेकाडं एकात एक मिसळलेली आली, की कोळसा वाया गेला. दोन वेगळी आली, की जिंकलो.

भट्टीचं काम योहानमामांकडे होतं. योहान साळवे, घोडेगावच्या बाजूचे. तरुणपणी मिशनच्या वर्कशॉपमध्ये लोहारकाम शिकलेले, नंतर आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागले ते रोजंदारीवरच राहिले. वय पन्नाशीला आलेलं. त्या वर्षी त्यांचा कायम होण्याचा कागद शेवटी मॅडमच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. मॅडमचा चांगला शेरा आणि सही, इतकंच उरलं होतं. मामा तो विषय काढत नसत. पण मॅडमच्या खोलीत झाडायला गेले की त्यांची नजर टेबलावरच्या त्या हिरव्या फायलीवर जाऊन यायची. मी पाहिलं होतं.

मला ते ‘डाक्टर’ म्हणायचे. डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीपासून. “डाक्टर, च्या घ्या, मंग लावा तुमचा शोद.” एकदा मी त्यांना दोन वायूंमधला फरक समजावून सांगत होतो. दोन जास्तीचे अणू, त्यामुळे एकजण किंचित रुंद वगैरे. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी एकाला शिंगं हायत म्हना की. आमच्या बाजारात बी बिनशिंगाचं वासरू फटीतनं निसटतंय, शिंगवालं आडकतंय.” मी हसलो. पुढे मॅडमनी परिषदेत ती शिंगांची उपमा माझी म्हणून सांगितली. मी काही बोललो नाही — पण ती लहान गोष्ट. ती सांगायला मी बसलेलो नाही.

मॅडमचा एक नियम होता. भट्टीजवळ एक लांबडी वही, तिला सुतळीनं बांधलेलं निळं बॉलपेन. जे केलं ते तिथं लिहायचं. “वहीत नाही ते झालंच नाही,” असं त्या म्हणत. मामा प्रत्येक नमुन्यापुढे एक शब्द लिहायचे. बहुतेक वेळा ‘भाजलेला’. त्यांना शब्दांवर रेघ ओढायची सवय नव्हती. शिरोरेषा नाही, नुसती अक्षरं, ओळीत टांगल्यासारखी. मॅडम त्यावरून त्यांना बोलायच्या. मामा म्हणायचे, “आक्षर हाय ना ठळक? रेघ वडायला येळ जातोय.”

बहिणीच्या सुपारीसाठी मी चार दिवस गावी गेलो होतो. परत आलो तर सतरा नंबरचा नमुना बरणीत भरून टेबलावर. सोळा नंबर फार हावरा निघाला होता, दोन्ही वायू सारखेच पीत होता; त्यातलाच उरलेला कोळसा मामांनी पुन्हा भट्टीत घातलेला दिसत होता. मी तो नळीत भरला. वायू सोडला. जीसीचं पेन सरकत सरकत वर गेलं, खाली आलं — आणि खालीच राहिलं. बऱ्याच वेळानं ते पुन्हा उठलं. दोन टेकाडं. मधे सपाट माळ. आधी प्रोपेन बाहेर, मागून प्रोपिलीन.

मॅडम धावत आल्या. मी त्यांना त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. “काय बदललंत?” त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, “तापमान थोडं कमी ठेवून वेळ वाढवायला मामांना सांगून गेलो होतो.”

असं मी काहीही सांगून गेलो नव्हतो. हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं? तुम्ही म्हणाल, आनंदाच्या भरात. मला तसं वाटत नाही. त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा मागे टेकून बसलो होतो, आणि उठायचं नव्हतं.

मॅडमनी प्रकल्पाला पैसा देणाऱ्या कचेरीला कळवलं. महिन्याभरानं त्यांचा माणूस प्रयोग पुन्हा बघायला येणार होता. त्यावर माझी पीएच.डी.ची नोंदणी अवलंबून होती. मामांनी भाजून दिलेल्या कोळशावर मी स्वतः अठरा केला, माझ्याच खोट्या तापमानावर. टेकाडं मिसळली. एकोणीस. मिसळली. वीस.

इथून मला संशय यायला लागला. स्वतःचा नाही. मामांचा.

विचारायला काय हरकत होती? “मामा, सतराला काय केलं होतं?” एवढंच. पण विचारणं म्हणजे मला ठाऊक नाही हे कबूल करणं होतं, आणि मी तर सांगून बसलो होतो. म्हणून मी विचारलं नाही, मी पाळत ठेवली. तुम्ही कधी कुणावर पाळत ठेवली आहे? मग तुम्हाला माहीत असेल — जे शोधाल ते सापडतं. भट्टीच्या खोलीत जळक्या तेलाचा वास होता. आधी कधी येत नसे. मामांच्या कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली असायची आणि मी आत शिरलो की ते पिशवी बाकाखाली सरकवायचे. एमआयडीसीतला कुणीतरी माणूस सायकल स्टँडजवळ त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभा होता; नंतर कळलं की तो त्यांचा साडू, पण ते नंतर. सतरा नंबरच्या बरणीवर मी पेन्सिलनं बारीक खूण केली. झाकणात डोक्याचा केस अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी केस जागेवर नव्हता. पंख्यानं उडाला असेल, हे मला आज सुचतं. तेव्हा मी ठरवून टाकलं की मामा कुणाला तरी कोळसा पोचवतात, आणि पुढचे नमुने मुद्दाम बिघडवतात.

दोनदा त्यांनी स्वतःहून विषय काढला होता. “डाक्टर, त्या सतराची गंमत—” मी म्हणालो, “नंतर, मामा.” मला वाटलं हे आता सारवासारव करणार. दुसऱ्यांदा म्हणाले, “वईत लिवलंय तसंच करताय ना पर?” मी म्हणालो, हो. वही मी उघडलीच नव्हती. भट्टीवाल्या माणसाच्या वहीत माझ्यासारख्या एम.एस्सी. झालेल्यानं काय बघायचं?

कचेरीचा माणूस येण्याला आठवडा राहिला तेव्हा मी मॅडमकडे गेलो. माझा संशय सांगितला. वास, बाटली, तो माणूस, केस — सगळं एकात एक गुंफून. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “उद्या दोन वाजता त्यांना बोलावते. वही घेऊन.” हिरवी फाईल त्यांनी टेबलावरून उचलून खणात ठेवली. माझ्यासमोरच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, मामा बाहेर लिंबाखाली भाकरी खात बसले होते तेव्हा, मी पहिल्यांदा ती वही उघडली. पुरावा शोधायला. सोळा — भाजलेला. अठरा — भाजलेला. मधे सतरा.

सतरा — पाजलेला.

मी तो शब्द दोनदा वाचला. आणि तिथंच उभ्या उभ्या मला सगळं कळलं. लोहाराच्या तोंडी ‘पाजणं’ काय असतं हे मला पंक्चरच्या दुकानात वाढल्यामुळे ठाऊक होतं. आमच्या शेजारीच लोहाराचा भाता होता. तापवलेल्या कोयत्याला पाणी पाजतात, एखाद्या हत्याराला तेल पाजतात. आणि घरी? आई नवा बिडाचा तवा आणला की त्याला तेल पाजायची. तेल चोळायचं, पुसायचं, चुलीवर जाळायचं. तव्याची छिद्रं बुजून बारीक होतात, मग भाकरी चिकटत नाही. सोळा नंबर हावरा होता, दोन्ही वायू पीत होता. मामांनी त्याला तव्यासारखं तेल पाजलं, पुसलं आणि बंद नळीत पुन्हा भाजलं. तेल जळून त्याचा कार्बन छिद्रांच्या तोंडाशी बसला. तोंडं अरुंद झाली. शिंगवाला बाहेर राहिला.

ती बाटली जवसाच्या तेलाची होती. ते लपवत होते ते एवढ्यासाठीच, की न विचारता केलं म्हणून मॅडम रागावतील. आणि तरीही वहीत खरं तेच लिहिलं होतं. एक शब्द. त्यांच्या मते त्यात सगळं आलं.

मी काय करायला हवं होतं? लिंबापर्यंत वीस पावलं होती. पण मॅडमना मी सांगून बसलो होतो — एकदा तापमानाचं खोटं, एकदा चोरीचं. एक शब्द खरा ठरला असता तर मी दोन्हीकडून उघडा पडलो असतो. पाठ असलेली खुर्ची, नोंदणी, मिरजगावात वडिलांनी येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगितलेलं, “पोरगा शास्त्रज्ञ झालाय.”

शिरोरेषा नसलेला ‘प’ कसा दिसतो, लिहून बघा. डाव्या हाताला खाली एक गाठ मारली, एक बारीक वेटोळं, आणि वरच्या टोकाला इवलासा बाक दिला, की त्याचा ‘भ’ होतो. रेघ असती तर जमलं नसतं. ‘भ’च्या डोक्यावर रेघ तुटलेली असते, ‘प’च्या डोक्यावर अखंड. मामांच्या अक्षराला रेघच नव्हती.

मी सुतळीचं पेन उचललं. त्यांचंच पेन, तीच निळी शाई. आणि गाठ मारली.

हेच ते. एवढंच. काही क्षणांचं काम होतं.

दोन वाजता मॅडमनी विचारलं तेव्हा मामा आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. “आवं मॅडम, चोरी कसली! त्ये सतरा मी पाजलाय. जवसाचं त्याल. न विचारता केलं ही माझी चूक, पर वईत लिवलंय की. बघा तुमी.”

मॅडमनी वही उघडली. चष्मा लावला. “इथं भाजलेला आहे, योहान. सगळ्यांसारखं.”

“न्हाई, पाजलेला हाय.”

“वाचा तुम्हीच.”

मामांनी वही घेतली. काळं झालेलं बोट ओळीवरून सरकत सतरावर आलं आणि तिथं थांबलं. माणसाला आपलं अक्षर ओळखू येतं की नाही? येतं. ते कितीतरी वेळ त्या एका अक्षराकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही बघितलं आधी. सुतळीच्या टोकाला लोंबणाऱ्या पेनाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हणजे, ते बघत होते हे मला कळण्याइतका वेळ मी त्यांच्याकडे बघितलं होतं.

“आसंल,” मामा म्हणाले. “लिवताना चुकलं आसंल माझं.”

त्यांनी असं का म्हटलं? मी वर्षानुवर्षं ह्यावरही संशय घेत आलो. घाबरले असतील. रोजंदारीचा माणूस एम.एस्सी. झालेल्याविरुद्ध बोलून काय सिद्ध करणार, हे ओळखलं असेल. की मला वाचवलं? की माझी किळस आली? ह्यातलं एकही उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कदाचित जे उत्तर मला सगळ्यात कमी लागेल तेच मी आळीपाळीनं निवडत आलो आहे.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, वहीत नाही ते झालंच नाही, आणि प्रयोगशाळेत भरवसा नसलेला माणूस मला चालणार नाही. हिरवी फाईल शेऱ्याशिवाय परत गेली. मामांना सायकल स्टँडवर पाठवलं. रोजंदारीवरच.

पुढचं सांगायची मला जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बाटली उभी होती. चिठ्ठी नाही, काही नाही. अर्धी भरलेली. मी तिच्याकडे बघत बसलो. खरंच — मला पहिल्यांदा आला तो पुन्हा संशयच. की यात दुसरंच काही असेल, मला फसवायला. मी झाकण उघडून वास घेतला. जवसच.

मी एकवीस नंबर केला. तेल पाजून. मॅडमना म्हणालो, तेलाचं मला आईच्या तव्यावरून सुचलं; मामांचं बोलणं वहीत नव्हतं, त्यांनी ते काढलं नाही. कचेरीचा माणूस आला तेव्हा कागदावर दोन टेकाडं उठली, मधे सपाट माळ. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. प्रबंधात मी त्याला ‘छिद्रमुखांवर कार्बनचा नियंत्रित थर’ असं म्हटलं आणि ही कल्पना मला घरगुती तव्यावरून सुचल्याचं लिहिलं. परीक्षकांना ते फार आवडलं. आभाराच्या पानावर मिरजगावच्या गुरुजींपासून सगळे आहेत. शेवटच्या ओळीत ‘महाविद्यालयातील सर्व शिक्षकेतर कर्मचारी’ आहेत.

दशक संपता संपता पदवी मिळाली. तोवर मला बाहेर नोकरीही लागली होती. मॅडमनी सत्काराला बोलावलं. मी स्कूटर घेऊन गेलो. फाटकातून आत वळलो आणि मग लक्षात आलं की गाडी कुठं लावावी लागणार आहे.

मामा पत्र्याच्या शेडखाली बसले होते. केस पांढरे झालेले. मला बघून उठले.

“डाक्टर,” ते म्हणाले. तेव्हा मी खरंच झालो होतो. “गाडी सावलीत लावा. शीट तापतं.”

मी लावली. काहीतरी बोलायचं म्हणून तब्येतीचं विचारलं. “बरी हाय,” म्हणाले. मग टेबलावरची वही पुढे ओढली, गाडीचा नंबर आणि नाव लिहायला. मी उलट्या बाजूनं बघत होतो. पानभर नावं होती, सायकलवाल्यांची, स्कूटरवाल्यांची. प्रत्येक नावावर शिरोरेषा होती.

टेबलावर एक लाकडी पट्टी होती. शाळेत असते तशी, कडा निळ्या झालेली. मामांनी माझं नाव लिहिलं, मग पट्टी अक्षरांच्या डोक्यावर ठेवली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी घट्ट दाबून धरली आणि रेघ ओढली. सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कुठंही जागा न सोडता. मग बिल्ला माझ्या हातात दिला आणि मागच्या सायकलवाल्याला पुढे बोलावलं.